त्यानं भरलेली पेटी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या डाईंगमध्ये, म्हणजे टॉवेल रंगवायच्या कारखान्यात, केमिकल स्टोअरच्या बाहेर खिडकीखाली, एक पिवळी प्लास्टिकची पेटी असते. साधारण गुडघ्याएवढी उंच. झाकणावर ‘स्पिल किट’ असं छापलेलं होतं, त्यातली निम्मी अक्षरं उडाली आहेत. अ‍ॅसिड, पेरॉक्साईड, रंग, काहीही जमिनीवर सांडलं तर हाताशी लागणारं सामान त्यात ठेवतात. कोरडी वाळू, सोडा, जाड हातमोजे, गॉगल, एप्रन, प्लास्टिकचं फावडं, मजबूत पिशव्या. कामगार तिला नुसतं ‘पेटी’ म्हणायचे. माझा नवरा गेल्यावर ते ‘दादांची पेटी’ म्हणू लागले.

तो स्टोअर सांभाळायचा. मी लॅबमध्ये आहे. टॉवेलच्या रंगाची छटा गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्याशी जुळवणं हे माझं काम. आम्ही एकाच गाडीवरून यायचो, एकाच गेटमधून आत शिरायचो आणि दिवसभरात फारसं बोलायचो नाही. लॅबच्या काचेतून स्टोअरचं दार दिसायचं. तेवढं पुरत असे.

तो पावसाळ्याच्या शेवटी गेला. रविवार होता, मंडईतून आणलेली मेथी निवडत बसला होता. मी आत कुकर लावत होते. बाहेरून काही आवाज आला नाही, एवढंच मला आठवतं. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. कारखान्याशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि तरीही तो मला सापडायचा तो कारखान्यातच, त्या खिडकीखाली.

पेटी म्हणजे त्याचं खूळ होतं. पगार झाला की दुसऱ्या दिवशी तो व्हरांड्यात जुनी ताडपत्री अंथरायचा आणि सगळी पेटी तिच्यावर उपडी करायचा. वरून बघून भागत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आणि ते खरंच होतं. दिवाळी जवळ आली की चुना मारायला हातमोजे पळायचे. सोडा कुणाच्या तरी घरी कपडे धुवायला जायचा. पावसाळ्यात वाळू ओल धरून ढेकळं व्हायची. ती तो चादरीवर पसरून उन्हात टाकायचा, सांडगे वाळत घालावेत तशी, बोटांनी मोकळी करत. उन्हाळ्यात गॉगलचं इलॅस्टिक मरायचं. रबर एकमेकांना चिकटू नये म्हणून हातमोज्यांना आतून टाल्कम लावायचा. त्या दिवशी घरी आला की त्याच्या बाहीला बाळाच्या अंगासारखा वास यायचा.

रंगाईच्या मशीनवर एक मामा आहेत. वयाने आमच्यापेक्षा मोठे, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातले. ते जाता-येता त्याला छेडायचे.

“साहेब, बायकोच्या डब्यापेक्षा ह्या डब्याकडं लई लक्ष हाय तुमचं.”

“बायकोचा डबा सांडला तर मी एकटाच उपाशी राहीन, मामा. हा डबा रिकामा निघाला तर तुमची मिशी जळंल.”

“माझी मिशी राहू द्या. कुलूप तरी लावा की त्याला. चोऱ्या थांबतील.”

“कुलूप लावलं की किल्ली शोधावी लागती,” तो म्हणायचा. मग मागावरून आणलेला एकपदरी सुताचा धागा तो झाकणाच्या कड्यातून ओवायचा आणि साधी गाठ मारायचा. कुणी पेटी उघडली तर धागा तुटलेला दिसावा, आणि उघडायची वेळ आली तर एका हिसक्यात तुटावा, एवढ्यासाठी.

एक गोष्ट तो फिरून फिरून सांगायचा. टॉवेलच्या गावात कुठलीही ओली जागा पुसायला टॉवेलच लागतो. आमच्याकडे खराब निघालेल्या मालाचे ढीग पडलेले असतात. चहा सांडला, टॉवेल. तेल गळलं, टॉवेल. आणि तेच हात टॉवेल पांढरा करायच्या पेरॉक्साईडवरही जातात. पेरॉक्साईड दिसायला पाण्यासारखं असतं, वासही नसल्यासारखाच. पण जोरकस पेरॉक्साईड सुतात मुरलं की ते सूत आतून तापायला लागतं, आणि ढीग करून ठेवलं तर पेटतंही. त्यावर वाळूचा बांध घालायचा आणि भरपूर पाणी मारायचं, बस. सफाईच्या मावशींना तो हे सांगायचा तेव्हा त्या मान डोलवायच्या. दुधनीकडच्या एका खेड्यातून त्या लग्न करून सोलापुरात आल्या. मध्येच कानडी बोलून जातात.

“व्हय दादा, ध्यानात हाय. टॉवेल न्हाय टाकायचा.”

“मग काय करायचं?”

“तुमाला हाक मारायची.”

तो हसायचा. त्यालाही ते उत्तर आवडायचं, असं मला वाटतं.

तो गेल्यावर महिन्याभरात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे मशीन बंद ठेवून धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडू बांधतात. आमचं घर बौद्ध. तो त्या वेळी गेटवर चहावाल्याकडे जाऊन उभा राहायचा आणि पेढे वाटायची वेळ झाली की बरोबर आत यायचा. मामा म्हणायचे, “पूजेला न्हाई, पेढ्याला हाजर.” तो म्हणायचा, “पेढा धुतलेल्या मशीनचा आहे, देवाचा नाही.” दरवर्षी तेच बोलणं, तेच हसणं.

त्या वर्षी मी लॅबमध्ये बसून राहिले. दुपारी बाहेर आले तर पेटीवर हळदकुंकवाची बोटं उठलेली होती, झेंडूची माळ होती, आणि लाल-पिवळा पूजेचा नाडा झाकणावरून पोटाखाली आणि पोटाखालून झाकणावर असा कितीतरी वेढे देऊन घट्ट बांधलेला होता. त्याचा सुती धागा त्या वेढ्यांखाली कुठेतरी दबून गेला होता.

मावशी पदर सावरत माझ्याजवळ आल्या. “वैनी, राग मानू नका. तुमच्यात चालत न्हाय, म्हाईत हाय मला. पर दादांचा हात लागल्यालं हाय की ते.”

मी रागावले नाही. त्यांच्या हातातला पेढा घेतला.

त्यानंतर ती पेटी कुणी उघडली नाही. माळ वाळून गळाली, नाडा राहिला. मावशी झाडताना तिच्याभोवती हात जरा लांबच ठेवायच्या, पाय लागू द्यायच्या नाहीत. रंगाची बादली कलंडली की लोक सरळ खराब टॉवेल ओढायचे. पेटी तिथेच, चार पावलांवर. पण ती आता लागायची वस्तू राहिली नव्हती.

आणि ती वाजायची. ऊन चढलं की प्लास्टिक फुगतं आणि झाकण ‘टक्’ करतं, आतून कुणी बोटाने वाजवावं तसं. एरवी मशीनच्या घरघरीत ते ऐकू येत नाही. जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबली की येतं. पहिल्यांदा आलं तेव्हा मावशींच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

“हायत की तितं,” त्या हळूच म्हणाल्या.

मामांनी तेलुगूत काहीतरी पुटपुटून कानाला हात लावले. मी त्यांना प्लास्टिक उन्हाने कसं प्रसरण पावतं ते सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी माझा डबा घेऊन लॅबच्या दाराशी बसले, आणि तिसऱ्या दिवशीही. मी एम.एस्सी. झालेली बाई. ते झाकण का वाजतं हे मला नीट ठाऊक होतं, आणि ते वाजेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. कधी ढग आले आणि नाही वाजलं, तर उरलेला दिवस मी कुणाशी तरी भांडण झाल्यासारखी वावरायचे.

दिवाळीनंतर मॅनेजरसाहेबांनी स्टोअरला नवा माणूस मिळेपर्यंत पेटीची जबाबदारी माझ्याकडे दिली. मी गेले, उकिडवी बसले, नाड्याच्या गाठीवर हात ठेवला. आत काय आहे ते मला पाठ होतं. तळाशी वाळूच्या पिशव्या, त्यावर सोडा, कडेला फावडं उभं, सगळ्यात वर हातमोजे, म्हणजे पहिल्यांदा तेच हाताला लागावेत. जायच्या आधीच्या आठवड्यात त्याने ती उपडी करून पुन्हा भरली होती. घरातलं त्याचं सगळं एव्हाना हललं होतं. शर्ट दिले, गाडी भाच्याने नेली, कपाटाचे कप्पे मी माझ्या सोयीने लावले. घर रोज वापरावं लागतं, आणि वापरात माणसाचा हात पुसला जातो. त्याने ठेवलेलं आणि तसंच राहिलेलं, असं माझ्याकडे जगात एवढंच होतं. ते ताडपत्रीवर उपडं केलं की संपणार होतं. मी परत भरेन, पण ते माझं भरणं असेल.

मामा मागे येऊन उभे होते. “राहू द्या मॅडम,” ते म्हणाले. “पूजेचं हाय.”

मी उठले. मला तेच कुणीतरी म्हणायला हवं होतं.

चैत्रातली गोष्ट. सोलापूरचं ऊन त्या दिवसांत पत्र्यावर नुसतं बसलेलं असतं. दुपारी जेवणं उरकून लोक परत कामाला लागले होते. पेरॉक्साईडचे कॅन ट्रॉलीवरून स्टोअरकडे नेताना ट्रॉलीचं चाक फरशीच्या सांध्यात अडकलं आणि वरचा कॅन खाली आदळून तळाशी फुटला. ट्रॉली ढकलणारा गडी मॅनेजरना सांगायला धावला. मी लॅबमध्ये होते. मला फक्त आदळण्याचा आवाज आला. बाहेर आले तोवर मावशी कामाला लागल्या होत्या. खराब टॉवेलचा गठ्ठा सोडून त्यांनी तो सगळा ओल्यावर पसरला होता, गुडघ्यावर बसून भिजलेले टॉवेल पिळून पिळून त्या एका प्लास्टिकच्या टबात टाकत होत्या, आणि वर सुके टॉवेल घेत होत्या. त्यांच्या बोटांची टोकं खडू चोळल्यासारखी पांढरी पडली होती.

“मावशी, सोडा ते! हात नळाखाली धरा!”

“झालंच की वैनी. एवढंच ऱ्हायलंय. जरा चुणचुणतंय नुसतं.”

मी टबाला हात लावला. टब गरम होता. वरच्या टॉवेलमधून बारीक वाफ निघत होती, आणि फुटलेल्या कॅनमधून उरलेलं पाण्यासारखं काहीतरी शांतपणे भिंतीकडे सरकत होतं, जिथे पॅकिंगला जायच्या टॉवेलचे कोरडे गठ्ठे छातीएवढे रचलेले होते.

मावशींना मी दंडाला धरून उठवलं आणि नळाकडे ढकललं. मामा मशीन सोडून आले होते. मी पेटीपाशी बसले. नाड्याची गाठ उन्हातान्हात, धुळीत घट्ट झाली होती. नखं आत जाईनात.

“मामा, तुमची कात्री.”

मामांच्या खिशात सूत कापायची छोटी कात्री कायम असते. त्यांचा हात खिशावर गेला आणि तिथेच थांबला.

“मॅडम... बांधलेलं हाय ते. वाळू दुसरीकडनं आणू की. गेटवर बांधकामाची हाय.”

“मामा, ते गठ्ठे बघा.”

“दुसरं काय पण मागा. मी न्हाई कापणार, अम्मा.”

“मी कापते. तुम्ही फक्त द्या.”

त्यांनी दिली. मी वेढे कापले. एकेक वेढा सुटताना त्याखालचा हळदीचा माग दिसत गेला, आणि शेवटच्या वेढ्याखाली तो सुताचा धागा. तो मी कापला नाही. झाकण उचललं तसा तो आपोआप तुटला, जसा त्याला हवा होता.

टाल्कमचा वास आला.

हातमोजे सगळ्यात वर होते. मनगटाकडून घट्ट गुंडाळत आणलेले. हातमोज्याला कुठे भोक आहे का ते बघायला तो त्यात तोंडाने हवा फुंकायचा, मनगटाची बाजू गुंडाळून ती आत कोंडायचा आणि फुगलेली बोटं गालाशी धरायचा. हवा सुटत असेल तर गालाला कळते. तपासून झालं की तसेच गुंडाळलेले ठेवून द्यायचा. इतक्या महिन्यांत ती हवा केव्हाच झिरपून गेली असणार. बोटं चपटी पडली होती. तरी मी गुंडाळी उलगडताना मला वाटलं, आत थोडी असेल. एका बोटात तरी.

टब माझ्या मागे वाफाळत होता. मी गुंडाळी उलगडली. एप्रन चढवला, हातमोजे घातले.

गॉगलचं इलॅस्टिक लोंबत होतं, पार मेलेलं. मामांनी न सांगता खाली पडलेला नाड्याचा तुकडा उचलला, गॉगलच्या कड्यांतून ओवला आणि माझ्या डोक्यामागे बांधला. “घट्ट हाय का?” त्यांनी विचारलं, नातीची वेणी घालावी तशा आवाजात.

गठ्ठ्यांच्या आधी मी वाळूचा बांध घातला. एक पिशवी ओल धरून दगड झाली होती. ती मामांनी आपटून फोडली. मग त्यांना पाण्याचा पाइप टबात सोडायला सांगितला. टबातून एकदम वाफ उसळली, ते मागे सरले, मग पुन्हा पुढे आले आणि पाणी मारत राहिले. खूप वेळ. टब थंड झाल्यावर फरशीवर, कॅनवर, बांधाच्या आतल्या बाजूला. धुतलेलं पाणी आमच्या सांडपाण्याच्या टाकीकडे जातं. मधेच माझ्या लक्षात आलं की आपण घाईत नाही आहोत. मला काय करायचं ते माहीत होतं आणि ते मी करत होते. त्या सबंध वेळात मला तो आठवला नाही. हे मला नंतर कळलं, आणि त्याचं फार वाईट वाटलं.

मावशी नळाखाली हात धरून रडत होत्या. मी जाऊन त्यांची बोटं बघितली. पांढरी होती, पण कातडी शाबूत होती.

“दुखतंय का फार?”

“हाताचं न्हाय वो वैनी. माझ्यामुळं दादांची पेटी उघडाया लागली. इस्कटली की समदी.”

ती खरंच विस्कटली होती. फावडं ओल्यात पडलेलं, सोड्याची पिशवी फाटलेली, वाळू पसरलेली. मी तिच्याकडे बघत उभी राहिले आणि हातमोजे काढायला लागले, तेव्हा ते माझ्या हातावरून जवळजवळ आपणहून घसरून पडले. इतके मोठे होते. आत माझी बोटं पेरभर आखूड पडत होती. सगळा वेळ मी मुठी आवळूनच फावडं धरलं होतं. एप्रनही जमिनीला घासत होता. आमच्या खात्यात मावशी आहेत, मी आहे, मामा आहेत आणि मामाही अंगाने किरकोळ. इतक्या मोठ्या हाताचं तिथे दुसरं कुणी नव्हतं. त्याने ती पेटी एका माणसाच्या मापाने भरली होती. काही सांडलं तर धावत येणारा तोच असेल, यापलीकडे त्याच्या मनात काही आलंच नव्हतं. आणि आमच्याही.

डाव्या हातमोज्याला मनगटापाशी चीर गेली होती. तिथून आत आलेल्या थेंबांनी माझ्या मनगटावर नखाएवढा पांढरा डाग पडला होता. हात धुतला तरी तो राहिला. तासाभरात जाईल, हे मला माहीत होतं. पाळी सुटल्यावर रिक्षाची वाट बघत रस्त्याकडेला उभी असताना मी तो सारखा बघत होते. सायकली, गाड्या, घरी चाललेली माणसं बाजूने जात होती. जरा राहू दे, असं मी कुणाला तरी म्हणत होते. रिक्षा आली. कुंभार वेशीपर्यंत कडा पुसट झाल्या. घरी दिवा लावून बघितलं तर साधं मनगट.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात मी ताडपत्री अंथरली. चिरलेले हातमोजे टाकायच्या पिशवीत घातले. मामा म्हणाले, “घरी न्या की मॅडम, आठवण म्हणून.” मी नको म्हणाले. मग मागवायच्या मालाचं माप घ्यायला म्हणून मावशींना बोलावलं. त्या लांबच उभ्या राहिल्या.

“मला कशाला ते? मी हाक मारीन की तुमाला.”

“आणि मी नसले तर?”

मी हात पुढे केला. त्यांनी पदराला पुसून आपला हात आणला आणि मी माझा तळवा त्यांच्या तळव्याला लावला. बोटं माझ्यापेक्षाही आखूड, पण पंजा रुंद. बोटांच्या टोकांची कातडी कालच्या जागी कोरडी झाली होती.

“बांगड्या धरून माप घ्या,” त्या म्हणाल्या. “मी काय काढत बसणार न्हाय तवा.”

“बांगड्यांसकट घेते.”

“आन मामांचं?”

“मला बायकी मापाचं चालतंय,” मामा मशीनवरून ओरडले.

मावशी हसल्या, आणि हसताना त्यांनी नजर चोरून खिडकीखाली बघितलं. तिथे रिकामी पेटी उन्हात उघडी पडली होती. मीही बघितलं. मग आम्ही दोघी वाळू चाळायला बसलो.